पंधरा वर्षांचं न झालेलं दुखणं

साल २०२४. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. तोवर दवाखान्यात मी फक्त दुसऱ्याला पाहायला गेलो होतो, तेही स्टुलावर न बसता, उभ्याउभ्या.

शिक्षण चौथी. अकोल्याच्या धान्यबाजारात एकतीस वर्षं मापारी होतो. काट्यावर पोतं चढलं की वजन पाहायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, हे मापाऱ्याचं काम. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, मधे मी. मी पुकारलेलं वजन एकदाच एका व्यापाऱ्यानं पुन्हा करायला लावलं होतं. तेवढंच भरलं. हे मी मोठेपणासाठी सांगतो असं कोणाला वाटलं तर वाटू द्या.

मुलगी अर्चना म्हणाली, बाबा, मोबाइलमध्ये बोला, तो आपोआप लिहितो. मी म्हटलं, दुखणं माझं, तर हातही माझाच. वहीत लिहिलं. तिला ऱ्हस्व-दीर्घ नीट करू दिले, शब्द बदलू दिले नाहीत. ज्यांचा विम्याचा दावा अडकला आहे आणि जे घरातल्या घरात येरझारा घालत आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. औषधपाण्याची माहिती पाहिजे असेल तर ती डॉक्टरला विचारा.

साक्षगंधाचं जेवण

माझ्या साळ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नांदगाव खंडेश्वरला होतं. अकोल्याहून मी आणि माझी बायको सुमन गेलो. अमरावतीहून अर्चना, जावई आणि अर्चनाचे सासरे वामनराव आले. वामनराव निवृत्त शिक्षक. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात.

मुलीच्या सासऱ्यापुढं मुलीच्या बापानं वाकून राहायचं, असा जुना रिवाज आहे. मी वाकलो नाही. वामनरावांनीही ते मनावर घेतलं नाही, पण तेव्हापासून आमची आपली चढाओढ. ते सकाळी पाचला उठतात म्हणाले की मी साडेचारला उठतो. ते चार पोळ्या खातात तर मी पाच. एकाच गोष्टीत ते पुढं होते. त्यांना हृदयाचं दुखणं होतं आणि मला काहीच नव्हतं. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची डबी काढून, चार माणसांच्या देखत, "अकरा वर्षं झाली सांभाळून राहिलो," असं ते म्हणायचे, आणि लोक त्यांना खुर्ची आणून द्यायचे. पंगतीत मी मात्र सतरंजीवर.

त्या दिवशी जेवण झालं, हात धुतले, आणि छातीवर कोणीतरी सोयाबीनचं पोतं ठेवून विसरून गेल्यासारखं झालं. घामानं बंडी भिजली. मी मांडवाच्या मागं जाऊन पाण्याच्या टाकीला टेकलो. एवढं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं: मी भ्यालो होतो. आई आठवली, आणि तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

सुमननं शोधून काढलं. जावयानं गाडी काढली, मला मागं टाकलं, इवाई शेजारी बसले. त्यांनी त्यांच्या डबीतली एक गोळी माझ्या जिभेखाली ठेवली. ती गोळी तुमचा जीव वाचवून गेली असं डॉक्टर नंतर म्हणाले, आणि इवाई ते अजून म्हणतात. अमरावतीपर्यंत ते मला धीर देत होते.

"घाबरू नका, इवाई. पयल्यांदा असंच वाटते. मले आता अकरा वर्षं झाली, सवय होते माणसाले."

छातीत जे दुखत होतं ते दुखतच होतं. पण ते 'पयल्यांदा' त्याच्यापेक्षा जास्त लागलं.

एक प्रश्न

दवाखान्यात मला चाकाच्या खाटेवर घेतलं. छातीला वायरी चिकटवत असताना एक तरुण डॉक्टरीण आली. हातात पुठ्ठा, त्याला कागद. बोलायला गोड. तिनं विचारलं, "आजोबा, असं आधी कधी दुखलं होतं का?"

इवाई माझ्या डोक्याशी उभे होते.

मी म्हटलं, "आधी म्हंजे? हे तर पंधरा वर्षांपासून दुखून राहिलं. पोतं उचललं का दुखते, खाली ठेवलं का थांबते. त्याच्यासाठी कोण दवाखाना करते?"

तिनं लिहून घेतलं. इवाई काही बोलले नाहीत. जीव जायची वेळ होती, तरी मला आतून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

दुखलं नव्हतं. एक दिवससुद्धा दुखलं नव्हतं. खांदे दुखायचे, कंबर दुखायची, पण छातीत कधी नाही. ते अकरा म्हणाले म्हणून मी पंधरा म्हणालो. एवढंच.

काचेच्या आत

दोन नळ्या बंद निघाल्या. मनगटातून तार घालून जाळी बसवली. ते झाल्यावर आयसीयूत तीन दिवस. हात हलवायचा नाही, उठायचं नाही, कूस बदलायची तर विचारून. एकतीस वर्षं उभ्यानं काम केलेल्या माणसाला उताणं झोपवून ठेवलं की त्याला वेळ किती जड जातो ते त्यालाच कळतं. तिथं तर मारायला माशीही नव्हती. मी सलाइनचे थेंब मोजायचो, शंभर झाले की पुन्हा एकपासून. सिस्टर म्हणायची, बाबा, पाय हलवू नका. मला माहीतही नसायचं की पाय हलतोय.

तिथं एक सफाईवाली मावशी होती. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहिलं, न विचारता खाट जराशी फिरवली, आणि डोळ्यावरचा दिवा बाजूला गेला. तेवढ्यानं मला दोन तास झोप लागली. तिचं नाव विचारायचं राहिलं. बरं झाल्यावर गेलो तर तिनं काम सोडलं होतं.

भेटायची वेळ सकाळी अकरा ते साडेअकरा, एका वेळी एकच माणूस. दुसऱ्या दिवशी सुमन आली. मला वाटलं रडेल. ती स्टुलावर बसली नाही.

"पंधरा वर्षं?" ती म्हणाली.

विहीणबाईंनी तिला सांगितलं होतं. इवाईंनी विहीणबाईंना.

"रोज संध्याकाळी तुमच्या पाठीले तेल चोळलं म्या. खांदा दुखते म्हणे, कंबर दुखते म्हणे. अन् छातीतलं मलेच नाई सांगतलं. म्या कोन होती मंग, तेल चोळणारी बाई?"

तेव्हाच सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण काचेपलीकडं इवाई उभे होते, हात मागं बांधून, शाळेत उभे राहावेत तसे. मी म्हटलं, "तुले कायजी नको म्हणून नाई सांगतलं."

म्हणजे एका खोट्यावर दुसरं पोतं रचलं. ती साडेअकरा वाजायच्या आतच निघून गेली. त्यानंतर सात-आठ महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. चहा ठेवला आहे. गोळी घ्या. गॅसवाला आला आहे.

तिनं गाळलेली ओळ

विमा आमच्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी अर्चनानं मागं लागून घ्यायला लावला होता, माझा आणि सुमनचा एकत्र. तेव्हा पासष्टच्या पुढं नवीन पॉलिसी मिळणं कठीण होतं म्हणून घाई. आता वयाची ती अट राहिली नाही म्हणतात, हे चांगलं झालं. एजंट घरी आला, चहा घेता घेता त्यानं इंग्रजी फॉर्म भरला. हा आजार आहे का, नाही. तो आहे का, नाही. सगळीकडं नाही, आणि ते खरंच होतं. मी खाली सही केली. बाजारात न वाचलेल्या चिठ्ठीवर मी कधी सही केली नाही. इथं केली.

सुटी मिळायच्या दिवशी आम्ही पिशव्या भरून सकाळपासून बाकावर बसलो. दुपारी कळलं की कंपनीनं कॅशलेस नाकारलं. जावयानं बिल भरलं. ते माझ्या घशाखाली कसं उतरलं ते मी इथं लिहीत नाही.

कागद पाठवून दावा केला. दीड महिन्यानं पत्र आलं. अर्चना रविवारी अकोल्याला आली, समोर बसून वाचायला लागली. इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची. मधे एका ठिकाणी तिचे डोळे थांबले आणि मग पुढच्या ओळीवर गेले. मी आयुष्यभर काट्याकडं पाहणाऱ्या लोकांचे डोळे पाहिले आहेत.

"काय गाळलं तू?"

"काही नाही, बाबा. त्यांची भाषा असते तशी."

"वाच."

तिनं वाचलं. विमेदारानं पंधरा वर्षांपासूनचा आजार जाणूनबुजून लपवला. म्हणून दावा नामंजूर, आणि पॉलिसी रद्द.

मी उठलो. चपला घातल्या, बाजारात गेलो, तिथं काही काम नव्हतं, परत आलो. दुपारभर असंच केलं. लपवला. मी काय लपवलं? जे नव्हतंच ते कसं लपवणार? पण हे कोणाला सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागणार होतं.

त्याच महिन्यात सुमनच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून घ्या, फार लांबवू नका, एखादा खडा नळीत सरकला तर धावपळ होईल. जावई म्हणाले, बाबा, मी करतो व्यवस्था. सुमन म्हणाली, "नाई. एकदा केली तेवढी पुरे. पॉलिसी चालू झाली का करीन." आणि तिच्यापुढं कोणाचं चालत नाही, माझंही नाही.

म्हणजे आता तिचं पोट माझ्या छातीत अडकलं होतं.

कायदा

अर्चना अमरावतीत एका कार्यालयात कारकून आहे. तिनं रोज संध्याकाळी बसून हे सगळं वाचून काढलं आणि फोनवर मला समजावलं. जेवढं मला समजलं तेवढं सांगतो.

नवीन नियम असा की सलग पाच वर्षं हप्ते भरले, की त्यानंतर आजार लपवला असं म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक केली हे सिद्ध केलं तरच येतो. आधी ही आठ वर्षं होती. माझी तीनच झाली होती, म्हणून मला त्याचा उपयोग नव्हता. दुसरं, आजार आधीपासून होता असं म्हणायचं तर ते कंपनीनं दाखवून द्यायचं असतं. तिसरं, आधी कंपनीकडंच तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची, आणि उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जायचं. तिथं फी नाही, वकील नाही. आपण आपलं बोलायचं.

कंपनीचं उत्तर आलं. तेच. सोबत डॉक्टरीणबाईंच्या कागदाची झेरॉक्स, त्यात एक ओळ पिवळी केलेली. अर्चना म्हणाली, "बाबा, त्या गडबडीत डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं असेल ना? पंधरा दिवसांचं पंधरा वर्षं केलं असेल." मी काही बोललो नाही. तिनं तो होकार धरला. ती दवाखान्यात जाऊन त्या डॉक्टरीणबाईंना भेटलीसुद्धा. त्या म्हणाल्या, ताई, आजोबा बोलले तेच मी लिहिलं, मी कशाला मनचं लिहू. अर्चना रागावून आली. तरी लोकपालासमोर आपण हेच म्हणायचं असं तिनं ठरवलं. डॉक्टर कशाला चूक कबूल करतील, ती म्हणाली.

सुनावणीची तारीख यायला चार महिने लागले. ते चार महिने मी कसे काढले ते सांगायचं तर, चाललो. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं, मी तीन-तीन तास चालायचो. बसलो की सुमन दिसायची. ओट्याशी उभी राहून एक हात बरगडीखाली दाबायची, आणि मी पाहतोय असं दिसलं की हात काढून घ्यायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, काई नाई. लपवायचं कसं ते ती माझ्याकडूनच शिकली असं तिला वाटत असणार.

दोनदा सांगायला गेलो. एकदा ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, सुमन, ते छातीचं. ती म्हणाली, "आता काय सांगता? पंधरा वर्षांनं?" आणि उठून गेली. दुसऱ्यांदा माझंच तोंड उघडलं नाही.

सुनावणी

सुनावणी मोबाइलवर नाही तर कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणून आम्ही अमरावतीला इवाईंच्या घरी गेलो. दुपारी बाराची वेळ. इवाई आदल्या रात्रीच इस्त्री केलेला शर्ट घालून बसले होते, जशी सुनावणी त्यांचीच. टेबलावर अर्चनाचा लॅपटॉप. मी मधे, एका बाजूला अर्चना, दुसऱ्या बाजूला इवाई. सुमन आणि विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात.

पडद्यावर लोकपाल म्हणून एक बाई होत्या, पिकलेले केस, चष्मा. दुसऱ्या चौकटीत कंपनीचा अधिकारी, टाय घातलेला, पण माणूस वाईट वाटला नाही. त्यानं शांतपणे ती पिवळी ओळ वाचली. रुग्णानं स्वतः सांगितलेली माहिती आहे, दुसऱ्या कोणाची नाही, असं म्हणाला. खरंच होतं.

अर्चनानं तिचं मांडलं. डॉक्टरांची नोंद घाईत झाली, चुकीची आहे.

बाईंनी हात वर केला. "थांबा. मला त्यांच्याशी बोलू द्या. काका, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

आता नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. एवढंच काम होतं. पण त्या डॉक्टर पोरीनं मी जे पुकारलं तेच लिहिलं होतं. माझ्या हाताखाली चिठ्ठी लिहिणारे असायचे. मी पुकारलेलं वजन त्यांनी बरोबर मांडलं असताना मी उलटलो असतो तर त्यांचं काय झालं असतं? आणि दारात सुमन उभी होती, एक हात बरगडीखाली. मी पाहत असूनही या वेळी तिनं तो काढला नाही.

मी म्हटलं, "हो बाई, मीच सांगतलं. डॉक्टरीणबाईची काई चूक नाई. पण म्या सांगतलं ते खोटं होतं. मले पंधरा वर्षं काई दुखत नव्हतं. त्या दिवशीच दुखलं, पयल्यांदा."

अर्चनानं माझ्याकडं पाहिलं.

"मग असं का सांगितलं?"

"हे माहे इवाई आहेत बाजूले. माह्या पोरीचे सासरे. यायले अकरा वर्षांपासून दुखणं आहे. यायच्यासमोर मले लहान व्हायचं नव्हतं. म्हणून पंधरा म्हटलं."

कंपनीचा अधिकारी म्हणाला, "मॅडम, तेव्हाचं खोटं म्हणतात. मग आत्ताचं खरं कशावरून धरायचं?"

प्रश्न बरोबर होता. मी असतो तरी हेच विचारलं असतं.

तेवढ्यात इवाईंनी शर्ट सारखा केला आणि पडद्यापुढं वाकले. "मी बोलू शकतो का?" बाईंनी विचारलं, आपण कोण? इवाईंनी नाव सांगितलं, नातं सांगितलं. म्हणाले, "मी तेव्हा तिथं उभा होतो. गाडीत पूर्ण रस्ताभर मी यांना अकरा वर्षं, अकरा वर्षं सांगत आलो. हे मुलीचे वडील आहेत, तरी माझ्यापुढं कधी कमी पडले नाहीत. त्या वेळी मला कळलं होतं की हे बनवून सांगून राहिले. मी गप्प बसलो, कारण अशा वेळी यांना खोटं पाडलं असतं तर मीच कमी पडलो असतो."

त्यांना कळलं होतं. तेव्हाच. आणि इतके महिने ते खोटं आहे असा एक शब्द त्यांनी काढला नव्हता, मीही नाही.

बाईंनी थोडा वेळ कागद चाळले. मग त्या अधिकाऱ्याला विचारलं, या पंधरा वर्षांतली एखादी डॉक्टरची चिठ्ठी आहे का तुमच्याकडं? तपासणी? गोळी घेतल्याची पावती? तो म्हणाला, नाही मॅडम, ही नोंद आहे. बाई म्हणाल्या, निर्णय लेखी कळवू. पडदा काळा झाला.

अर्चना उठून गॅलरीत गेली. विहीणबाईंनी चहा आणला. मी कप उचलला तर बशी वाजायला लागली, म्हणून खाली ठेवला.

इवाई चहाकडं पाहत म्हणाले, "अकरा नाहीत."

"काय?"

"सात आहेत. अकरा म्हटलं का लोक लवकर खुर्ची देतात."

मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. आम्ही हसलो नाही. पण त्यानंतर त्यांनी बशी धरली आणि मी चहा प्यालो.

अकोल्याच्या गाडीत

बसमध्ये सुमन खिडकीशी बसली. बडनेरा गेलं. मग तोंड न वळवता म्हणाली, "म्हंजे दुखलंच नाई?"

"नाई."

"एक दिवस बी?"

"एक दिवस बी नाई."

"मंग म्या इतके महिने कोनाच्या दुखण्यासाठी रडली?"

मला माहीत नव्हतं की ती रडली. मी चालायला जायचो तेव्हा रडत असणार. यानंतर ती जी बोलायला लागली ती अकोला येईपर्यंत थांबली नाही. माझा गर्व, माझं खानदान, माझ्या आईनं मला कसं लाडावलं, १९८२ साली तिच्या भावाच्या लग्नात मी कसा रुसलो होतो, सगळं. पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा मागं वळून पाहून गेला. मी खाली मान घालून बसलो होतो आणि मला वाटत होतं, गाडी अजून थोडी हळू चालावी.

माझं म्हणणं

निकाल यायच्या आधीच मी विमा कायदा पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला एक पत्र पाठवलं. अर्चनानं पत्ता काढून दिला. उत्तर अजून आलं नाही, म्हणून जे तिथं लिहिलं तेच इथं लिहितो.

कंपनीला मी शिव्या देणार नाही. आजार लपवून पॉलिसी घेणारे लोक असतात, मी ओळखतो त्यातल्या दोघांना. कंपनीनं कागद पाहिला, कागदावर माझं बोलणं होतं. पण तो कागद कसा होतो ते पाहा. माणूस खाटेवर, छातीत आग, डोक्याशी नातेवाईक. त्याला विचारतात कधीपासून. कोणी भीतीनं वाढवून सांगतो म्हणजे डॉक्टर लवकर पाहील. कोणी लाजेनं कमी सांगतो. कोणाचा भाऊच उत्तर देतो, लय दिवसांपासून म्हणून. माझ्यासारखा एखादा इवाईसाठी सांगतो. ते इंग्रजीत लिहिलं जातं, रोग्याला कोणी दाखवत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच ओळीवर त्याचा विमा उभा राहतो नाहीतर पडतो.

बाजारात वजन मी मनात धरलं नाही. मोठ्यानं पुकारलं, शेतकऱ्यानं ऐकलं, मग चिठ्ठी झाली. तसंच इथं करा. माणूस जरा सावरला की दुसऱ्या दिवशी ती ओळ त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा. बरोबर असेल तर त्याची सही घ्या, चुकली असेल तर तिथंच दुरुस्त करा. पॉलिसीच्या फॉर्मचंही तसंच. एवढा एक नियम झाला तर निम्मी भांडणं होणार नाहीत. पाच वर्षांचा नियम केला तो चांगला आहे, पण तिसऱ्या वर्षी ज्याच्या छातीत दुखलं त्यानं काय करायचं?

आणि वाचणाऱ्यांना एक सांगतो. दवाखान्यात बढाई मारू नका. तिथं ती लिहून घेतात.

निकाल

निकाल अर्चनाच्या मेलवर आला. या वेळी तिनं फोनवर प्रत्येक ओळ वाचली, गाळली नाही. आजार आधीपासून होता असा पुरावा कंपनी देऊ शकली नाही. दावा द्यावा, पॉलिसी पुन्हा चालू करावी. मी विचारलं, 'लपवला' हे काढलं का? ती म्हणाली, बाबा, लिहिलंय की जाणूनबुजून लपवल्याचं सिद्ध होत नाही. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं तीनदा वाचलं.

बिलाचे पैसे जावयाच्या खात्यात गेले. पॉलिसी चालू झाल्याचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी अर्चनानं आणून दिलं. सुमननं ते हातात घेतलं, इंग्रजी होतं तरी वरून खालपर्यंत पाहिलं, आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, अवं, सोमवार तर होऊ दे. ती म्हणाली, "उद्या सोमवारच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ऑटो बोलावला आणि तिला अकोल्यातल्या दवाखान्यात घेऊन गेलो. भरती करून घेणाऱ्या सिस्टरनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, आजी, पोटात कधीपासून दुखतं? माझ्या हिशोबानं आठ महिने. मी तोंड उघडणार होतो. सुमननं माझ्याकडं पाहिलं, मी ते मिटलं.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली.

दीड वर्ष. मला भरती केलं त्याच्याही आधीपासून. मला काही विचारायचं तोंड नव्हतं, मी विचारलं नाही. सिस्टरनं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळली. मी म्हटलं, ताई, जरा थांबा, काय लिहिलं ते तिले मराठीत वाचून दाखवा. तिला घाई होती, तरी तिनं वाचलं. सुमननं ऐकलं, बरोबर आहे म्हणाली. मग मी माझा चष्मा काढून तिच्या हातात दिला, आणि तिनं त्या ओळीखाली सही केली.